मठाच्या बुवांवरची बारा पानं

बुध. ३ फेब्रु. १९५४, कल्याण
वाचनालयाची बैठक. गावाच्या इतिहासाच्या पुस्तकात मठाच्या बुवांवर बारा पानं माझ्याकडे. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, भोंदू होता एवढं लिहा, की झालं." म्हटलं, पुरावा? "अहो, सगळ्या गावाला ठाऊक आहे." आणि हे गृहस्थ वकिली करतात! डोकं फिरलं. चहा न घेता उठलो.

शनि. ६
आता मठवाले. मधल्या सुट्टीत दोघे शाळेत हजर. बुवा अवतारी होते, विधवांना आसरा दिला, केशवपन होऊ दिलं नाही, म्हणून बदनामी झाली. आसऱ्याचं खरंच आहे. पण आरोप काय होते विचारलं तर कानांवर हात. वर, "तसलं लिहाल तर बरं होणार नाही." शाप होता की दम, कोण जाणे. एकाला भोंदू हवा, दुसऱ्याला देव. माणूस कोणालाच नको.

मंगळ. ९
जबान्यांची वही पुरी. एकोणीस जण. विश्वासार्ह माणसापुढे बरोबरची खूण, बाकीच्यांपुढे काट. सौ.ने चाळली. "मठाची पायरी चढलेल्या सगळ्यांना काट. न चढलेल्यांना बरोबर. हे कसं हो?" म्हटलं, भाविक माणसं, डोळे मिटलेली. "अध्यक्षांनी तरी काय पाहिलं? आणि यात बाई एकही नाही. यमूआत्यांना विचारलंत?"
रागाने जेवलो नाही. राग तिचा नव्हेच. यमूआत्या, अप्पांची धाकटी बहीण, बालविधवा, सात वर्षं त्या मठात होती. अप्पांनी तिचं नाव घरात काढू दिलं नाही. बुवांना शिव्या मी अप्पांकडूनच शिकलो, रामरक्षेच्याही आधी. आणि म्हणे निःपक्षपाती!

रवि. १४
ठाण्याला आत्याकडे. बिरडं सोलत होती. "आजवर कोणी विचारलंच नाही रे." मग सांगत गेली. आजोबांनी बोलावलेला न्हावी दारात बसलेला, तेव्हा बुवा येऊन तिला घेऊन गेले. लिहावाचायला मठातच शिकली.
मग हात थांबले. "माझ्या अंगाला त्यांनी कधी बोट लावलं नाही. गोदीला लावलं. माझ्या शेजारी निजायची ती. विहिरीत जीव दिला तिने."
म्हटलं, म्हणजे आरोप खरे.
"खरे. पण आरोप करणाऱ्यांनी तिला ठेवून घेतलं का? माहेर नव्हतं तिला. आधी तुमच्याच दारात आलेली. दादाने उंबऱ्यावरून परत धाडली, मठातली म्हणून."
दादा म्हणजे अप्पा.
निघताना म्हणाली, "लिहिणार असशील तर सगळं लिही. माझे केस, गोदी, सगळं. एक गाळून दुसरं लिहायचं तर काहीच लिहू नकोस."

शुक्र. १९
बारा पानं फाडून पुन्हा लिहिली. आसरा लिहिला, विहीर लिहिली, बुवांचं नाव घालून. पुढचं वाक्य: 'त्यापूर्वी ती गावातील एका गृहस्थांच्या दारी गेली असता त्यांनी तिला परत पाठविले.'
सौ.ने वाचलं. नुसतं 'एका गृहस्थांच्या' वर बोट ठेवलं. तिच्यावर ओरडलो. अप्पांना जाऊन वर्ष झालं नाही. आई आत माजघरात माळ ओढतेय, पुस्तक आलं की पहिलं तीच वाचायला मागेल.

शनि. २०
छापखान्याचा माणूस दहाला येणार. 'एका गृहस्थांच्या' खोडलं. त्याच्या वर नाव लिहायची जागा अजून कोरी आहे.