गुरुजी उंबऱ्याबाहेर

४ जानेवारी २०२५, शनिवार

आमच्या ह्यांना दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं! ह्यांना! गावातल्या प्रत्येक लग्नात नवरा-नवरीकडून पाचवं शील — नशापाणी न करण्याचं — दोन-दोनदा म्हणवून घेणाऱ्या ग्यानोबा गुरुजींना!

रडावं की हसावं कळेना, म्हणून लिहायला बसले.

झालं असं. ज्योती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. पुसेगावातलं जे कोणी लेकरू बघायला येतं, ते दशमूलारिष्टाची बाटली घेऊन येतं. फळीवर रांग लागली. ज्योती एक चमचा घेते आणि मी विष पाजल्यासारखं तोंड करते. आता ह्यांना काही वाया गेलेलं बघवत नाही. शिळी भाकरीसुद्धा हेच संपवणार! "औषध हाय, फेकायचं काहून?" म्हणत जेवणानंतर हेच घेऊ लागले. चमच्याचं औषध स्टीलच्या पेल्यानं! चेहऱ्यावर तेज आलं होतं, खोटं कशाला बोलू.

आज जेवून, वर पेला घेऊन, स्कूटीवर गोरेगावला खारीक आणायला निघाले. फाट्यावर पोलीस. त्यातला वसराम ह्यांचाच विद्यार्थी. म्हणाला, "गुरुजी, जा तुमी." दुसरा कुणी असता तर गेला असता ना! हे थांबले. रांगेतल्या पोरांना 'नियम सगळ्यांला सारखा' यावर भाषण दिलं आणि मशीन स्वतः मागून घेतलं. "आधी माझी घे वसराम. पोरांला दिसू दे."

फुंकलं. मशीन कोकललं.

वसराम बिचारा घामाघूम. "गुरुजी, पाणी प्या, जरा बसा, मंग परत फुंका." हे म्हणाले, "एकाला दोन संधी काहून?"

स्कूटी तिथंच राहिली. हे चालत घरी आले.

५ जानेवारी

काल हे घरात आलेच नाहीत! अंगणात उभे. "पद्मा, मला आत येता यायचं न्हाई."

"काहून?"

"नियम."

मी इतकी हसले की लेकरू जागं झालं. मग हसू ओसरलं. नियम ह्यांनीच केलेला. मागच्या उन्हाळ्यात जावयानं, रत्नपालनं, भावाच्या वरातीत एक बिअर घेतली. ह्यांनी पाहिली. तिथंच, चारचौघांत: "पाचवं शील मोडणाऱ्यानं माझा उंबरा वलांडायचा न्हाई." तेव्हापासून रत्नपालनं दारूला हात लावलेला नाही, माफी तर कितीदा मागितली. पण गुरुजी ते गुरुजी! पोरगा दर रविवारी कुरुंद्याहून येतो आणि फाटकाशी उभा राहतो. ज्योती लेकराला शालीत गुंडाळून फाटकावरून त्याच्याकडे देते. तो घेतो, वास घेतो, परत देतो. मी चहा तिथंच नेते. माझा जीव तुटतो. दोन फेब्रुवारीला नामकरण आहे, आणि बापानं काय फाटकातून नाव ठेवायचं?

आज रविवार. रत्नपाल आला तर सासरा अंगणात बाजेवर, डोक्याला मफलर. फाटकाच्या अलीकडे एक, पलीकडे एक! ज्योती दारातून म्हणाली, "आई, आता दोन कप बाहेर दे."

रत्नपालनं हकीगत ऐकली. ओठ गच्च मिटून धरले होते पोरानं. हसला नाही. म्हणाला, "बाबा, सेनगावच्या कोर्टात फुकट वकील भेटतो. आपल्याला हक्क हाय त्याचा. बुधवारी मी सुटी टाकतो. माझ्या गाडीवर चला."

ह्यांनी मफलर सोडून परत बांधला. मग म्हणाले, "कोर्टानं निर्दोष म्हटलं, तवाच मी आत जाईन." पण बुधवारी येणार नाही, असं काही म्हणाले नाहीत!

८ जानेवारी

कोर्टात जाऊन आलो. मी जीपनं, हे जावयाच्या मोटारसायकलवर मागं बसून. ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. खड्ड्यांमुळे असेल. पण ठेवला होता.

मोफत मदतीच्या कार्यालयानं वकील दिली — प्रियदर्शनी. वय माझ्या ज्योतीएवढं, आवाज खणखणीत. मी पिशवीतून पुरावा म्हणून बाटली काढून टेबलावर ठेवली. पोरगी बाटलीकडे बघते, ह्यांच्याकडे बघते, आणि जे हसू फुटलं! "सॉरी गुरुजी. माझ्या आईनं मला बी हेच पाजलं."

मग नीट बोलली. हे अरिष्ट आंबवून करतात, त्यात आपोआप दारूचा अंश तयार होतो. पिऊन लगेच फुंकलं तर मशीन तोंडातलंच पकडतं. "लढू. बराबर सुटाल."

मी तर तिथंच टाळी वाजवली. बाकावरच्या लोकांनी वळून पाहिलं. वाजवली तर वाजवली!

१२ जानेवारी

ह्यांना सर्दी. ज्योतीनं विचारलं, "बाबा, काढा देऊ?" ह्यांनी दोन्ही हात जोडले.

१९ जानेवारी

अंगणातला मुक्काम चालूच. गाव बघायला येऊन राहिलंय! शेजारची सुमनबाई रोज भांडी घासायचं निमित्त काढून समोर बसते. "गुरुजी, आत जा न्हाई तर शाळा इथंच भरवा."

आज मात्र विरजण पडलं. वकीलबाईंचा फोन आला. मी मोठ्या आवाजावर लावून ह्यांच्या हातात दिला. त्या कोर्टात काय बोलायचं ते समजावत होत्या: औषध म्हणून घेतलं, त्यात काय असतं ते ठाऊक नव्हतं. हे म्हणाले, "पोरी, पहिल्या पेल्याला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी मात्र डोकं हलकं झालं. मला कळलं. बरं वाटलं म्हणून परत घेतलं. आन तसाच गाडीवर बसलो."

मग ती म्हणाली, "गुरुजी, हे सांगितलं तर दंड व्हईल. लायसन बी जाऊ शकतं."

"जाऊ दे. सुटंन मी, पण निर्दोष कसा व्हईन?"

मला आधी संताप आला. मग विचार केला, म्हणजे हे आत येणारच नाहीत! ना हे, ना जावई! नामकरणाला घरात नुसत्या बाया! रागानं भाकरी इतकी थापली की काठवटीबाहेर गेली. तरी पण... खरं बोलणारा माणूस आहे माझा. भाकरी नेऊन दिली, वर तुपाची धार जरा जास्तच सोडली.

२९ जानेवारी

न्यायाधीश साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. हे ताठ उभे. "कबूल, साहेब."

"काय प्यायला होता?"

"बाळंतिणीचं औषध."

अख्खं कोर्ट हसलं. साहेबांनी खाली बघून चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. प्रियदर्शनीनं सगळं मांडलं — वय, पहिलीच चूक, स्वतःहून दिलेली तपासणी, स्वतःहून दिलेली कबुली. काय बोलली पोरगी! शिक्षा: दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायचं. लायसन वाचलं!

हे दिवसभर मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. त्यांच्या शेजारी रत्नपाल बसला. त्याला शिक्षा नव्हती. दुपारी मी डबा दिला, तो दोघांनी एकाच झाकणात खाल्ला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. एकदा मात्र हे हसले, खांदे हलवून, शाळेत असताना कधी हसत नसत तसे.

संध्याकाळी घरी आलो. रत्नपाल फाटकाशी थांबला. हे अंगणात बाजेवर बसले. मी आत एकटी गेले.

१ फेब्रुवारी

दाराला तोरण लावलं. ज्योतीनं पाळणा दारापाशी ओढून ठेवला आहे, बाहेरून दिसावा म्हणून.

२ फेब्रुवारी

सकाळी हे बाजेवरून उठले, फाटकापाशी गेले, स्वतः कडी काढली. "चला जावईबापू. नियम चुकला व्हता माझा. आन एकट्यानं आत जायची मला लाज वाटते." रत्नपालचा हात धरूनच आणला. दोघांनी उंबरा एकदमच ओलांडला. ज्योतीनं लेकरू आधी बापाच्या हातात दिलं. मग पंचशील म्हटलं, आणि पाचव्या शीलाला दोघांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

नाव मैत्री ठेवलं.