बाद धावेची टकटक

प्रिय योगराज,

मोबाईल ठाण्यात जमा आहे, म्हणून कागदावर लिहून राहिलो. माझ्या अक्षराला हसू नको. तुझी आई, शामकलाकाकू, रविवारी रायपूरला तुझ्याकडे येणार आहेत, त्यांच्या पोह्यांच्या पिशवीत हे घालून देतो. काल तुझ्या घरी गेलो तर काकूंनी चहा दिला, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. चहात साखर मात्र नेहमीएवढीच होती.

तू पटाला नव्हतास म्हणून पहिल्यापासून सांगतो. यंदाही शंकरपटात शर्यतीच्या बैलजोड्या पुकारायला माईकवर मीच होतो. ठाणेदार मंचावर पाहुणा. एक जोडी सुटायलाच तयार नव्हती, तेव्हा मी म्हणालो, या बैलांना ठाण्यात नेऊ नका, तिथं चारा टाकल्याशिवाय काहीच हलत नाही. सगळा पट हसला, ठाणेदार सगळ्यांत मोठ्यानं. तो हसला म्हणून मला चेव आला बे. लगेच म्हणालो, चोरीच्या रेतीच्या ट्रॅक्टरांचा व्हिडिओ काढला म्हणून तुमच्या ठाण्यात आमच्या योगराजच्या तळपायांवर पट्टा चालवला, त्याचीही चौकशी करा साहेब. मग कोणी हसलं नाही. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा तेवढा आवाज.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. जमाव भडकवला म्हणे. आधी म्हणाले, जिल्ह्यातून तडीपार करू. मला हसूच आलं. मी कुठं टिकून राहणारा माणूस? देवरीच्या ढाब्यावर आपण कपबशा विसळायचो, तिथूनही मी एका ट्रकवाल्याबरोबर न सांगता निघून गेलो होतो, आणि तू माझ्या वाटणीच्या विसळत बसलास. त्या हसण्यानंच घात केला. ठाणेदार माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "याला कुठंच जाऊ द्यायचं नाही."

तेव्हापासून रोज सकाळी जाऊन ठाण्यातल्या बाकावर बसावं लागते, अंधार पडला की सोडतात. कागद नाही, कलम नाही, कोणी हातही लावत नाही. एकदा विचारलं, मले कायले बसवलं? शिपाई म्हणाला, कोणी बांधून ठेवलं का? बाहेर हायवे आहे. हॉर्नवरून कोणती बस कुठं चालली ते आता मला कळते. काय करायचं आहे कळून.

मग एक दिवस माझ्यासमोर माईक आणला. गावोगाव वाजवायला माझाच आवाज भरून पाहिजे होता, माझंच ऐकतात ना लोक. बोलायचं एवढंच, की अफवांवर विश्वास ठेवू नका, योगराज मोटारसायकलवरून पडला होता. मी नाही म्हटलं. ठाणेदार चिडला नाही. म्हणाला, "मग उद्यापासून याच्या शेजारी त्याच्या आईलाही बसवा."

योगराज, मी बोललो. पण शेवटी बोटानं माईकवर टकटक केली. तूच काढलेली खूण ती, गर्दीच्या आरडाओरड्यात शब्द पोचत नव्हते म्हणून. जोडी रस्ता सोडून बाहेर गेली की माईकवर दोनदा टकटक, म्हणजे धाव बाद, ती मोजायची नाही. सगळा तालुका ओळखते. ठाणेदार बाहेरचा, त्याला काही कळलं नाही. पण तिथं दुधरामभाऊ होता. शिपाई असला तरी त्याची स्वतःची जोडी पटात पळते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, शेवटी खरखर आली. पुन्हा घेऊ." दुसऱ्या वेळी माईक त्यानं स्वतःच्या हातात धरला. त्यानं मला वाचवलं की विकलं, अजून समजलं नाही.

आता आठवडी बाजारात ऑटोवर तेच वाजून राहिलं आहे. आमच्या दारावरूनही जाते. काकूंनीही ऐकलं. काऊन बोललो ते त्यांना सांगू नको, त्या उद्याच ठाण्यात जाऊन भांडतील.

तू ठाण्याविरुद्ध कोर्टात टाकलेल्या तक्रारीच्या सुनावणीत त्यांचा वकील हेच वाजवेल. म्हणून हे लिहिलं. त्यातली टकटक काढून टाकली आहे, ती या कागदावर घे. ती धाव बाद. तुझे तळपाय मी पाहिले आहेत. सौंदड स्टेशनवर तुला पाठीवर घेऊन गाडीत मीच बसवलं. हे पत्र कोर्टात दे. माझं नाव झाकू नको, खाली पूर्ण लिहिलं आहे. साक्षीला बोलवायचं झालं तर मला शोधावं लागणार नाही. पहिल्यांदाच माझा पत्ता पक्का आहे, ठाण्यातला बाक.

तुझाच,
रत्नपाल खेमराज मेश्राम