दूध बघून येते

रविवार, २० ऑक्टोबर

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला. म्हणून हे. अक्षर तेवढं लावून घे.

जावईबापूंना नमस्कार सांग. परवा तू बोलत होतीस तेव्हा मागे त्यांची गाडी सुरू झाली. पट्टा सैल झालाय, बदलून घ्या म्हणावं. हसू नका. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करता करता याच कानांवर मी कारखाना उभा केला. बाकीचे मोटार उघडून बघायचे, मी दारातूनच सांगायचो, "बेअरिंग गेलंय."

कारखाना आता मॅनेजर छान सांभाळतो. मी गेलो की सगळे उठून उभे राहतात, खुर्ची देतात आणि काम थांबवतात. म्हणून जात नाही. घरीच बसतो, तू कॉम्प्युटरवर घालून दिलेल्या त्या आकाशाच्या प्रोग्रॅमपुढे.

तुझ्या आईला त्याचं काय वेड लागलं होतं! भर दुपारी बटण दाबून ऊन घालवायची आणि तारे बघत बसायची. मी म्हणायचो, "अगं, सूर्य तरी राहू दे!" तर म्हणायची, "तुमचा आवाज बंद करायचं बटण शोधतेय, सापडत नाही." मग तुझं शहर लावायची. "ठकूच्या डोक्यावर आत्ता काय आहे ते बघू." पडद्यावरची जमीन पुसून टाकली की पायाखालचेही तारे दिसतात, हा शोध तिचाच.

असो. मुद्द्याचं लिहितो.

गेल्या रविवारी मी तुला म्हटलं, चंद्राशेजारी गुरू आलाय, बाहेर जाऊन बघ. तू म्हणालीस, "हो बाबा, दिसला. काय सुरेख!" ठकू, तुझ्यामागे पाऊस पडत होता. काचेवर. दार उघडल्याचा आवाजही आला नाही.

रागावलो नाही. उलट फोन ठेवल्यावर बराच वेळ बरं वाटत राहिलं. पण पाऊस नसता तरी तुला काही दिसलं नसतं. चंद्र तिथे नव्हताच.

आई गेली त्या संध्याकाळी ती तुझ्या शहराचं आकाश लावून बसली होती. तिने त्यातलं घड्याळ थांबवलं आणि मला म्हणाली, "हात लावू नका हं, चंद्र सरकेल. दूध बघून येते."

पुढचं तुला माहीत आहे. तू आलीस, राहिलीस, परत गेलीस. कॉम्प्युटर मी कोणाला बंद करू दिला नाही. वीज जाईल म्हणून बॅटरीही जोडून घेतली. पडद्यावर अजून तेच आकाश आहे. दर रविवारी त्याचाच एकेक कोपरा मी तुला आजचा म्हणून सांगत आलो. तू "दिसला" म्हणत आलीस. बापलेकीचं बरं चाललं होतं.

आता कॉम्प्युटरचा पंखा घरघरतोय. आयुष्यात पहिल्यांदा मी ऐकू न आल्यासारखं केलं. पण बेअरिंग गेलंय. दारातूनच कळतं. असाच चालू ठेवला तर आतलं सगळं जळेल, आणि आईचे फोटो त्यातच आहेत. पंखा बदलायचा तर कॉम्प्युटर बंद करावा लागणार, आणि पुन्हा लावला की प्रोग्रॅम आजची तारीख घेणार. तारीख मागे नेता येते, तेवढं मला येतं. पण मग ते मी लावलेलं आकाश असेल. तिने थांबवलेलं नव्हे.

हे पत्र टाकून येतो आणि बंद करतो. दुपारीच. बाहेर ऊन आहे तोवर.

यापुढे मी सांगेन ते त्या-त्या दिवशीचं असेल. तू खरंच बाहेर जाऊन बघ. नसेल दिसत तर नाही दिसत म्हण. दार उघडल्याचा आवाज आला, तरी मला पुष्कळ.

तुझा,
घरी एकटाच असलेला
बाबा

ता.क. दूध उतू गेलं नव्हतं. तेवढा गॅस तिने बंद केला होता. तुला सांगायचं राहूनच गेलं.