पळायला सरळ जागा

४ जून, रविवार

पहिलं मैदान — नापास!

एर्मेकच्या नव्या इमारतीला लागूनच आहे, म्हणून त्याला वाटलं मी बघताक्षणी मान डोलावेन. जमिनीवर लाल रबर अंथरलंय. उन्हात असला वास सुटला होता की तिलेकने नाक दाबलं. प्लास्टिकची घसरगुंडी तापून तवा झालेली. झाड औषधालाही नाही. वर फाटकाला कुलूप, आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही. ‘आई, फक्त इथं राहणाऱ्यांसाठी आहे. बाहेरची पोरं येत नाहीत,’ एर्मेक मोठ्या अभिमानाने सांगत होता. म्हटलं, अरे, बाहेरची पोरं आलीच नाहीत तर खेळायचं कोणाशी — रखवालदाराशी? आणि सेझिमच्या तुशोला एवढे पाहुणे येणार, सगळ्यांना काय आकडे पाठ करायला लावणार?

तिलेकची धाकटी बहीण सेझिम पाऊल टाकायला लागली. आता तिच्या पायांना काळा-पांढरा लोकरीचा दोरा बांधायचा, पोरांची शर्यत लावायची, पहिला येईल त्याने तो दोरा कापायचा — की पोर चालायला मोकळी. त्याला पळायला सरळ जागा लागते. मातीची. रबरावर कुठे तुशो होते?

बेगिमायचं म्हणणं, तुशो कोक-बुलाकलाच करू, नव्या घराजवळ. आणि त्याच दिवसापासून तिलेक तिकडे राहील, शाळा सुरू व्हायच्या आत. सूनबाईंनी हे वाक्य चहा ओतता ओतता म्हटलं, माझ्याकडे न बघता. मी अट घातलीय, आधी मला पटेल असं मैदान दाखवा.

५ जून, सोमवार

पहिला नातू आजीचा, ही आमची रीत. त्यात एर्मेक-बेगिमायला मॉस्कोला कामाला जायचं होतं. चाळीस दिवसांच्या तिलेकचं बोचकं माझ्या मांडीवर ठेवून गेले. तेव्हापासून मी त्याची आई. एर्मेक त्याचा दादा आणि बेगिमाय वहिनी. फोनवर ओरडायचा, ‘वहिनी, मला लाल ट्रक पाठव!’ आणि ती हसत हो म्हणायची. खरंच हसायची का, हे मी कधी नीट बघितलं नाही. फोनचा पडदा लहान होता.

११ जून, रविवार

दुसरं मैदान बाजारामागचं. तेही नापास. झोपाळ्याच्या साखळ्या गुंडाळून वर अडकवलेल्या, वाळूत मांजरांचा कारभार, बाकाखाली बाटल्या. बेगिमाय म्हणाली, ‘आई, दुपारी असंच असतं, संध्याकाळी बायका येतात.’ मैदान दुपारीही चांगलंच पाहिजे, असं मी सांगितलं. तिलेकने मात्र त्या मांजरांशी ओळख वाढवली, आणि येताना व्हॅनमध्ये माझ्या मांडीवर झोपला. पाय आता सीटच्या बाहेर येतात.

१३ जून, मंगळवार

आज दिवसभर आमच्याच अंगणात होते. पॉपलरच्या झाडांचा कापूस उडतोय, पोरं त्याला काड्या लावतात आणि शेजारची झोया खिडकीतून आरडाओरडा करते. एर्मेक लहान असतानाही हेच. खिडकी तीच, शिव्याही त्याच!

चार इमारतींच्या मधलं आमचं अंगण. मधोमध लोखंडी रॉकेट, त्यातून घसरगुंडी. कडेला गालिचे धोपटायची लोखंडी चौकट, जिच्यावर बायकांपेक्षा पोरंच जास्त लटकली. दर एप्रिलला एक शनिवार सगळ्यांनी मिळून झाडलोट करायची, रॉकेट रंगवायचं. जो रंग कोणाच्या घरी उरला असेल तो. तिलेक आज नखाने खरवडत बसला होता. वरचा नारिंगी गेला, खाली हिरवा, त्याखाली निळा. ‘आई, हा कधीचा?’ म्हटलं, हा तुझा दादा लहान होता तेव्हाचा. ह्यांनी लावलेला. अर्धा स्वतःच्या विजारीला आणि अर्धा रॉकेटला.

तुतीखालच्या बाकावर हे डॉमिनो खेळत बसायचे. उजव्या हातात सोंगट्या, आणि डावा हात मागे, झोपाळ्याला. न बघता झोका द्यायचे. कोणाचं पोर बसलंय तेही बघायचे नाहीत. एर्मेक उतरून घरी जेवायला गेला तरी ह्यांचा हात चालूच, कोणाच्या तरी मुलीला झोका मिळतोय! असं मैदान मला कोक-बुलाकला दाखवा, मी आजच्या आज हो म्हणते.

१८ जून, रविवार

तिसरं पाटाच्या कडेला. पाट उघडा आणि डोंगरावरून आलेलं पाणी ओढ घेतंय! हे मैदान बेगिमायनेच बाद केलं. सेझिमला उचलून घट्ट धरलं आणि म्हणाली, ‘नको, इथे नको.’ पहिल्यांदा आमचं एकमत झालं. परतताना दोघींनी एकाच कणसाचे दोन तुकडे करून खाल्ले.

२१ जून, बुधवार

झोयाने आज टोमणा मारलाच. ती आमच्यातली नाही, पण जन्म इथे गेला तिचा, आमच्या म्हणी आमच्यापेक्षा जास्त येतात तिला. म्हणाली, ‘तुझं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं! एकाला झाड नाही, एकाला मांजरं आहेत. सरळ सांग ना, पोर सोडवत नाही!’ मी म्हटलं, तू तुझे सूर्यफुलाचे दाणे सोल.

मग ती तिलेककडे वळली. ‘तू तर जाणारच रे. तुझ्या तुशोला दोरा कापला माझ्या नातीने, वेराने. ती गेली जर्मनीला, म्हणजे तूही चाललास!’ आणि खदखदा हसली. तिलेक हसला नाही. घरी आल्यावर मला विचारलं, ‘आई, जो दोरा कापतो त्याच्यासारखं बाळ होतं? खरंच?’

‘होतं तर! म्हणून तर पळणारा चपळ लागतो.’

‘सगळंच त्याच्यासारखं होतं?’

‘सगळंच. जेव आता.’

२ जुलै, रविवार

चौथं मैदान. फुगवलेले किल्ले, भोंगा, तिकीट. ते मैदान नव्हे, दुकान. नापास. यात माझी काही चूक नाही.

एर्मेक चिडला. ‘आई, तुला मैदान हवंय की निमित्त?’ मग इमारतीपाशी उतरताना जरा नरमला. ‘तूही चल ना आमच्याकडे. धाकटा मुलगा मी. तू माझ्याकडेच राहायचीस, रीत तीच आहे. तिसरी खोली तुझ्यासाठीच घेतली.’ मी म्हटलं, माझी खोली इथे आहे. माझं अंगण इथे आहे. नव्या रबरावर बसायला मी काही खेळणं नाही. हे जरा लागेल असं बोलले.

३ जुलै, सोमवार

मला निमित्त हवंय. हो. इथे लिहायला कसली लाज? एकेक मैदान नापास झालं की एकेक आठवडा मिळतो. तिलेक सकाळी उठून माझ्या पांघरुणात पाय खुपसतो, गार पाय. तेवढ्यासाठी मी जगातली सगळी मैदानं नापास करीन.

१४ जुलै, शुक्रवार

आज घात झाला. सापडलं!

सेझिमच्या अंगरख्याचं कापड घेऊन एकटीच कोक-बुलाकला निघाले होते. चुकीच्या व्हॅनमध्ये बसले आणि शाळेच्या मागे उतरले. बघते तर जुन्या तुतींची रांग. मधे मातीचं मैदान, लांबच लांब, पोरांच्या पायांनी टणक झालेलं. दोन लोखंडी झोपाळे कुरकुरतायत. पाण्याचा नळ आहे आणि चालूही आहे. गालिच्यांची चौकटसुद्धा, आणि तिच्यावर उलटी लटकलेली एक जाड वेण्यांची पोरगी! बाकं अशी मांडलेली की कुठेही बसा, सगळी पोरं दिसतात. एका म्हातारीने दुसऱ्याच कोणाच्या नातवाला दम भरला, ‘ए, धाकट्याला बसू दे आधी!’ आणि त्या नातवाची आई म्हणाली, ‘बरं झालं बोललात, मावशी.’ अजून काय हवं? मैदान म्हणजे तेच. जिथे परक्या पोराला रागावता येतं, ते चांगलं मैदान.

मला सरकून जागा दिली, मूठभर दाणे दिले. तासभर बसले. उठवेना.

घरी आले. कोणाला काही बोलले नाही.

१६ जुलै, रविवार

पोट बिघडलंय असं सांगून आजचा फेरा टाळला. बेगिमायने सूप करून पाठवलं, वर फोन करून विचारलं, खारट नाही ना झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२३ जुलै, रविवार

आज अंगणात बेगिमाय तिलेकला झोका देत होती. तो म्हणाला, ‘वहिनी, जोरात!’ तिने जोरात दिला. मग तो उतरून पळाला, आणि ती रिकामा झोपाळा तशीच ढकलत राहिली. नजर त्याच्यावर. मी खिडकीत होते. ह्यांचा तो डावा हात आठवला. ह्यांच्या झोपाळ्यावर मात्र कोणीतरी बसलेलं असायचं.

पाच वर्षं फोनच्या पडद्यावर पोर बघितलं तिने. माझ्या जवळ त्याचे गार पाय होते.

खाली उतरले आणि सांगितलं. शाळेमागे एक मैदान आहे. पास.

तिने माझा हात धरला आणि सोडेचना. म्हटलं, पुरे, भाकरी करपेल.

१९ ऑगस्ट, शनिवार

कणकेचे बोरसोक तळून हात भाजले. दोरा मीच वळला. काळी लोकर, पांढरी लोकर. तिलेक बाजूला बसून बघत होता. ‘मी सगळ्यात जोरात पळतो, हो ना?’ म्हटलं, तुझ्यासारखा पळणारा अख्ख्या वसाहतीत नाही. उद्या तूच कापणार बहिणीचा दोरा. त्याने मान खाली घातली. लाजला असेल.

त्याची पिशवी भरली. थंडीचे मोजेही घातले आत्ताच.

२० ऑगस्ट, रविवार

झाली तुशो. दृष्ट लागेल अशी झाली.

मैदान भरून गेलं. आमच्या ओळखीचे थोडे आणि ज्यांना बोलावलंच नव्हतं ते जास्त! बाकावरच्या म्हाताऱ्यांनी सरबराईच हातात घेतली. बायकांच्या शर्यतीत झोया चप्पल काढून पळाली आणि एक थर्मास जिंकून आली. तिथले सगळे ‘ही आजी कोण?’ विचारत होते.

आणि पोरांची शर्यत. तिलेक बाणासारखा सुटला. सगळे मागे. सेझिम समोर उभी, बेगिमायच्या दोन्ही हातांत, पायांना दोरा. कात्री तयार. दोन हातांवर आला... आणि थांबला! उभाच राहिला. जाड वेण्यांची ती पोरगी त्याच्या बाजूने पुढे गेली, तिनेच कापला. टाळ्या पडल्या, सेझिम चार पावलं चालली आणि धपकन बसली.

एर्मेक हसत म्हणाला, ‘काय रे, घोडा दमला?’ मी विचारलं, बेगिमायने विचारलं. तोंडाला कुलूप. फक्त दोरा कापणाऱ्या त्या पोरीला जाऊन विचारून आला, ‘तू कोणाकडे राहतेस?’ ती म्हणाली, ‘आईबाबांकडे.’ मग बोरसोक खायला बसला.

निघताना वाटलं पायाला मिठी मारेल. नाही मारली. ‘ये हं, आई,’ म्हणाला, मोठ्या माणसासारखा. रडला नाही. चांगलंच झालं ना? हेच तर हवं होतं! मग मला इतकं का लागलं?

२१ ऑगस्ट, सोमवार

दोन माणसांचा चहा केला. एक ओतून दिला.

२२ ऑगस्ट, मंगळवार

अंगणात गेले. रॉकेटचा निळा रंग बघत बसले. झोया येऊन शेजारी बसली, एकदाही टोमणा मारला नाही. त्यानेच जास्त रडू आलं. पोरं फार नाहीत आता इथे. लोखंड आहे, झाड आहे, बाक आहे. सगळं आहे तसं आहे आणि कोणी घसरत नाही. इतकी वर्षं मी याला सगळ्यात चांगलं मैदान म्हणतेय.

२४ ऑगस्ट, गुरुवार

सकाळीच बेगिमायचा फोन. शर्यतीत का थांबला ते आज बोलला म्हणे. ‘मी दोरा कापला असता तर सेझिम माझ्यासारखी झाली असती. मग तिलाही तिच्या आईला सोडून दुसरीकडे राहायला जावं लागलं असतं.’

‘कोणती आई, ते मी विचारलं नाही,’ बेगिमाय म्हणाली.

मी म्हटलं, ती तिसरी खोली अजून रिकामी आहे ना?

कुंड्या आणि किल्ली झोयाकडे दिली. एर्मेक गाडी घेऊन निघालाय.