राजीवकाकांचा ऑस्ट्रेलियन दंड

वेम्बली, शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आत्यांना ईशानीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? माझं मागचं पत्र इल्फर्डमध्ये कुणाला वाचून दाखवलं असेल, तर आधी त्यांना ही दुरुस्ती सांगा: राजीवकाकांना दंड होणार नाही. तो कायदा ऑस्ट्रेलियाचा निघाला.

मी अजून सुन्न आहे. काकांच्या फरसाणाच्या कारखान्यात तळणीवरचा धूर ओढणारा बंद पंखा दुरुस्त व्हावा म्हणून आम्ही अकरा जणांनी दोन दिवस संप केला, ते तुम्हाला ठाऊक आहेच. (काका मालक असले तरी धूर पुतणीच्याही नाकात जातो.) काकांनी फाटकावर चहा-भडंग पाठवलं आणि "घरचीच माणसं" म्हणून त्या दोन दिवसांचा पगारही दिला. कारखान्याचे पगार मी काढते, आणि हिशोब शिकले तुमच्या स्वयंपाकघरात, त्यामुळे नियम पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. इंटरनेटवर सापडलं, की संपाचा पगार देणाऱ्या मालकाला दंड आणि घेणाऱ्यालाही. काकांना वाचून दाखवलं, तर ते बसल्या खुर्चीत आणखी खाली गेले. मग मी एकेकाला समजावून पगार परत घेतला. तळणीवरच्या सुप्रभाताईंनी मुलीच्या सहलीचे पैसे आणून दिले, वर माझे आभारही मानले.

काल युनियनच्या रेचलबाईंनी (आजोबा मुंबईचे, बाई रागावल्या की मराठीत येतात) तो कागद पाहिला. "अगं बये, हे वर काय छापलंय? कांगारू आहे तो." सरकारी कागदावर दोन प्राणी दिसले, ते मी ब्रिटनच्या राजचिन्हातले सिंह आणि युनिकॉर्न धरून चालले होते. इथे मालकाने राजीखुशीने पगार दिला तर कायदा आड येत नाही, म्हणाल्या.

मी धावत काकांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "ऑस्ट्रेलियात विचार करूनच कायदा केला असेल ना?" परत आलेल्या पैशांतून त्यांनी पंखा मागवलाय. म्हणजे ज्या पंख्यासाठी संप केला, तो आता सुप्रभाताईंच्या पैशांनी फिरणार.

तुमची,
ईशानी

ता. क. काका जगात फक्त थोरल्या बहिणीला घाबरतात. सगळ्यांचे पैसे परत मिळवून द्यायला तुम्ही याल का? गुडघ्यासाठी टॅक्सी मी पाठवते.

ता. क. २. सगळ्यांचा पगार परत घेण्याच्या गडबडीत माझा स्वतःचा परत द्यायचा राहिला, हे आज लक्षात आलं. कायदा ऑस्ट्रेलियाचा होता हे आणि तेही सगळ्यांसमोर सांगणार आहे: सोमवारी, १३ ऑक्टोबरला, सकाळी साडेसहाला, तळणी पेटायच्या आधी.