व्हॅन नंबर तीन, रांगेत या

५ ऑगस्ट
आजपासून शाळेत नोकरी. तात्पुरती. पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, उगाच गैरसमज नको. विमा, लग्नाचं शूटिंग, पाण्याचे फिल्टर आणि मोबाइलचं दुकान, एवढं सगळं करून मला एकच गोष्ट कळली: माझं खरं भांडवल आवाज आहे. रेडिओवाल्यांना सॅम्पल पाठवलंय. बोलावणं येईपर्यंत शाळेच्या ऑफिसात बसायचं आणि शाळा सुटली की माइकवरून मुलांना व्हॅनकडे पाठवायचं. हिचं म्हणणं, घरात एवढा आवाज करता, तो जरा बाहेर कामाला लावा.

लेक याच शाळेत सहावीत. तिची एकच अट: शाळेत तिला ओळख दाखवायची नाही. मान्य केली. कलावंताला एकांत लागतोच.

६ ऑगस्ट
पहिलं प्रसारण. ‘व्हॅन नंबर’ म्हणून एक पॉज घेतला. पॉज म्हणजे आवाजाचा आत्मा. तेवढ्यात पहिलीची पोरं दिसेल त्या व्हॅनमध्ये चढली. उतरवता उतरवता अर्धा तास गेला. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, आत्मा राहू दे, नुसता नंबर सांगा.

१९ ऑगस्ट
उद्यापासून पहाटे पाचला उठून आवाजाचा रियाज. ठरलं म्हणजे ठरलं.

२० ऑगस्ट
साडेसातला उठलो. झोप घशाला चांगली.

१२ सप्टेंबर
कॉरिडॉरमध्ये लेक समोरून आली. भिंतीवरचा जगाचा नकाशा बघत निघून गेली. मग मीही नकाशा बघितला. जरा लागलं. असो. रेडिओवर झळकलो की हीच पोरगी मैत्रिणींना सांगत सुटेल.

३ ऑक्टोबर
रेडिओचं बोलावणं! गुरुवारी दुपारी ऑडिशन. त्या दिवशीच्या व्हॅन पीटीच्या सरांकडे सोपवल्या. राजीनाम्याची कल्पना बाईंना आधीच दिलेली बरी, म्हणून दिली. त्यांनी स्टेपलर परत मागितला.

९ ऑक्टोबर
केसांच्या तेलाची जाहिरात वाचायला दिली. खणखणीत वाचली. शेवटी भरात ‘धावू नका, रांगेत या’ कसं निघून गेलं कळलं नाही. काचेपलीकडच्या बाई म्हणाल्या, आवाज छान आहे, पण ऐकला की दप्तर शोधावंसं वाटतं. कळवतो म्हणाल्या. कळलं.

जिन्यातच शाळेचा फोन. पीटीच्या सरांनी शिट्टी मारून पाहिली, घसा फोडून पाहिला, पण पहिलीची पोरं दप्तरांवर ठाण मांडून बसलेली. हा आपला आवाज नाही म्हणे. शेवटी सहावीतली एक मुलगी सगळ्यांसमोर उठली आणि बाईंना म्हणाली, माझ्या बाबांना फोन लावा.

माझ्या बाबांना! अट तिनेच मोडली. मला भरून आलं. बाईंनी फोन माइकला लावला आणि मी जिन्यात उभ्या उभ्या पाचही व्हॅन सोडल्या. पॉज न घेता. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, आवाज कमी करा.

१० ऑक्टोबर
लेक सकाळी माझ्याबरोबर आली. गेटपर्यंत गप्पा मारत. गेटच्या आत मात्र दहा पावलं मागून चाला म्हणाली.

बाईंनी नोकरी कायम केली. स्टेपलरही परत दिला. मी तात्पुरता होकार दिलाय.