दिवा, पंखा, शटर

ता. ६, शनिवार

ती. दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांग. त्यांचे गुडघे कसे आहेत? तुझा खोकला थांबला का?

अक्षर पाहून हसू नकोस, डाव्या हाताचं आहे. केंद्रात हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज एक पान लिहा, कुणालाही लिहा. दुसरीत असताना डाव्या हातात पेन्सिल धरली म्हणून मास्तरांनी छडी मारली होती. आता सरकारच्या बाई डाव्याने लिही म्हणून मागे लागल्या आहेत. माणसाने ऐकायचं तरी कुणाचं?

केंद्र म्हणजे गुन्ह्यात मार खाल्लेल्या माणसांना सरकार मदत करतं, ते. मला वाटलं होतं, चार चकरा मारायला लावतील आणि हात हलवत परत पाठवतील. पण तसं झालं नाही. दवाखान्याचं बिल त्यांनी भरलं. दुकान बंद आहे तोवर महिन्याला काही रक्कम मिळते. हात कायमचा गेला असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर भरपाई वेगळी. तिथल्या ताई माझी फाइल घेऊन स्वतः या टेबलावरून त्या टेबलावर जातात. तुझी भावजय त्यांना 'आमच्या ताई' म्हणते. आपल्या सख्ख्या बहिणीला ती आजवर असं कधी म्हणालेली नाही.

हाताचं म्हणशील तर अंगठा आणि करंगळी हलतात. मधली तीन बोटं नुसती लटकून असतात. कात्री धरता येत नाही, वस्तऱ्याचं तर नावच नको.

ताई म्हणतात, त्या दिवसाचंही लिहा, मन मोकळं होईल. तर लिहितो. फोनवर मी तो विषय काढला की तू दुसरंच काहीतरी बोलायला लागतोस. कागदावर तुला ते जमणार नाही.

दुपार होती. गिऱ्हाईक नव्हतं. मी वस्तऱ्यात नवं पातं घालून तो पुसत होतो. दारातून एक जण आत आला, तोंडाला फडकं, डोक्यावर टोपी. धूळ फार आहे, बांधलं असेल, असं वाटून मी म्हणालो, "बसा, आलोच." वस्तरा ठेवून मी खुर्ची झटकायला वळलो, तोच त्याने मागून माझी मान पकडली आणि माझं तोंड आरशावर आपटलं. दोनदा. तिसऱ्यांदा आरसा फुटला. कपाळ उसवलं, दोन दात बेसिनमध्ये पडले. कसाबसा वळलो, तर वस्तरा त्याच्या हातात. तो सरळ गळ्याकडे येत होता, म्हणून मी पंजा आडवा धरला. इतकी वर्षं लोकांच्या गळ्यावर मी तेच पातं फिरवलं, पण ते माणसात किती सहज शिरतं, ते मला त्या दिवशी कळलं. आधी दुखलंच नाही. बोटांच्या मुळाशी पांढरं हाड दिसलं, मग रक्ताने ते झाकून टाकलं.

खाली पडल्यावर त्याने बरगड्यांत लाथा घातल्या. मी ओरडत होतो, "घे रे बाबा, सगळं घे, गल्ल्यात आहे!" तो एक शब्द बोलला नाही. गल्ला रिकामा केला, दारापर्यंत गेला, परत आला आणि आणखी एक लाथ मारली, ती तोंडावर. ती कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

मग तो गेला. शटर खाली होतं, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं, दुकान बंद आहे. मी आत काळोखात पडलेलो. शेवटी शेजारच्या पंक्चरवाल्याला फटीतून काहीतरी वाहताना दिसलं. तो बाहेरून ओरडतोय, "काय रे, तांबडा कलप सांडलास का? माझ्या ट्यूबवर येतोय!" मला हसू आलं, खरंच. तोंडातून फेस आला तेवढा.

कोण होता, कोण जाणे. आता हात दुखतोय. उरलेलं नंतर.

ता. ९, मंगळवार

दादा, पत्र टाकलं नव्हतं, बरं झालं.

मंगळवारी केंद्रात आम्ही सगळे खुर्च्या गोल मांडून बसतो. ज्याला बोलायचं त्याने बोलायचं. मी जातो, चहा पितो, परत येतो. आज औषधाच्या दुकानातली मुलगी बोलली. वीस-बावीसची असेल. डाव्या डोळ्यावर पट्टी, तिच्या खाली आता डोळा नाही. माझ्या आधी तीन महिने तिच्या दुकानात एक जण शिरला. तोही फडकं बांधून, तोही मुका. शटर ओढायचा गज कोपऱ्यात होता, त्याच गजाने त्याने तिला मारलं. पहिला फटका जबड्यावर बसला. ती खाली बसली, तेव्हा दुसरा डोळ्यात. ती सांगत होती आणि मधेच हाताने गालावरून काहीतरी पुसत होती. गालावर काही नव्हतं.

मग ती म्हणाली, "मी मेले असं त्याला वाटलं असेल. त्याने दिवा मालवला. पंखा बंद केला. मग बाहेर जाऊन शटर ओढलं. कुणाला मारून इतकं नीटनेटकं कोण जातं हो?"

सगळे हळहळले. मी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं, दादा? दुकान सोडताना आधी दिवा, मग पंखा, मग शटर, हा नियम माझा. सोन्या दोन वर्षं माझ्याकडे काम शिकला. एकदा पंखा चालू ठेवून गेला, तेव्हा मी त्याच्या कानाखाली दोन वाजवल्या. पुन्हा कधी विसरला नाही. त्या दुपारीही विसरला नाही. सख्ख्या काकाला रक्तात लोळवून तुझ्या मुलाने दिवा मालवला, पंखा बंद केला आणि शटर ओढलं. माझं शटर उजवीकडे अडकतं, पायाने टोला द्यावा लागतो. तो टोलाही मी ऐकला.

दवाखान्यात गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी विचारलं, कोण होता रे? पंक्चरवाला तर रोज विचारायचा. तू आलास, उशाशी बसलास, लहान पोरासारखा रडलास. विचारलं मात्र नाहीस. पोलीस जबाब घ्यायला आले, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "त्याने फडकं बांधलं होतं, याला काही दिसलं नाही." दादा, मी तोवर कुणाशी एक अक्षर बोललो नव्हतो. फडक्याचं तुला कुणी सांगितलं?

आणि मी मान हलवली. का, ते तुला ठाऊक आहे. बाबांचा पट्टा निघाला की तू माझ्यावर पालथा पडायचास. तुझ्या पाठीवरचे वळ मी मोजले नाहीत, पण विसरलोही नाही. म्हटलं, एवढं पोटात घालू. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

पण पोटात राहत नाही रे. झोपेत माझा उजवा हात चांगला चालतो. सोन्या खुर्चीत मान मागे टाकून बसलेला असतो, मी फेस लावतो, वस्तरा गळ्याला टेकवतो आणि दाबतो. दाबतच राहतो. जाग आल्यावर मला बरं वाटतं. त्या बरं वाटण्याची मला भीती वाटते.

लोक म्हणतील, भरपाईसाठी पुतण्याला विकला. म्हणू देत. मी ताईंना आडून विचारलं होतं, मारणारा घरचाच निघाला तर मदत थांबते का? त्या म्हणाल्या, "घरच्याने मारलं म्हणून जखम कमी होते का काका? मदत थांबते ती तपासात खोटं बोललं तर." जे घेतलंय ते परत द्यावं लागलं, तर देईन.

माझा हात मी त्याला माफ केला असता. आपलेच दात, आपलेच ओठ. पण त्या पोरीचा डोळा माझा नाही, तो मी कसा माफ करू? मघाशी एक पोरगा खोलीत पाण्याचा जार ठेवायला आला. साधा, घाम पुसत आलेला. त्याला पाहून ती भिंतीला चिकटली आणि तिथेच तिचे कपडे ओले झाले. रस्त्यावरच्या प्रत्येक पोराची तिला भीती वाटते, कारण त्यातला तो कोण, ते तिला कुणी सांगत नाही. सांगू शकेल असा माणूस तिच्या समोरच्या खुर्चीत चहा पीत बसलेला होता.

उद्या दहा वाजता तपासाचे साहेब केंद्रात येणार आहेत. मी नाव सांगणार आहे. तुला विचारत नाही, कळवतोय.

हे पत्र पंक्चरवाला आज संध्याकाळी तुझ्याच हातात देईल, त्याला काही माहीत नाही. म्हणजे एक रात्र तुझ्याकडे आहे. सोन्याला गाडीत बसवून कुठेही पाठवू शकतोस, मी अडवायला येणार नाही. मग मात्र तुला फडक्याचं आधीच माहीत होतं, तेही साहेबांना सांगेन. नाहीतर त्याला घेऊन ये. केंद्राच्या पायरीवर मी उभा असेन. वकील लागेल, जामीन लागेल, ते दोघं मिळून बघू. त्याच्याकडे पाहणं मला जमेल की नाही, सांगता येत नाही, पण तुझ्या शेजारी उभा राहीन.

आणायचं ठरवलंस तर मारत आणू नकोस, दादा. वहिनींना सांग, निघण्याआधी त्याला पोटभर जेवायला घाला.

वाट पाहतो.

तुझा धाकटा